पाण्यातून भूमीकडे, भूमीवरून खाडीकडे

(भाईंदर येथे कार्यकर्ते व नागरिकांच्या सभेत दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)



भाईंदरविषयी बोलायचे म्हटले की आपल्यासमोर इतिहास उभा राहतो. घोडबंदरचा किल्ला, चिमाजी अप्पांची वसईची मोहीम, धारावीच्या डोंगरासाठी झालेली झुंज. हा इतिहास जेमतेम तीनशे वर्षांचा आहे, आणि त्याचे स्मरण आपण ठेवलेच पाहिजे. परंतु याच भूमीवर त्याहून कितीतरी जुना एक पराक्रम आजही चालू आहे. त्याचे वीर आपल्या कुंपणाच्या भिंतीवर, खाडीच्या चिखलात आणि घोडबंदरच्या डोंगरावर उभे आहेत. आपण रोज त्यांच्या शेजारून लोकल पकडायला धावतो. आज त्यांच्याविषयी, म्हणजे भूमीवरच्या वनस्पतींविषयी चार गोष्टी सांगायच्या आहेत.

मी कला शाखेचा पदवीधर, व्यवसायाने पत्रकार. त्यामुळे परिभाषेचे ओझे आपल्यावर टाकणार नाही. पत्रकाराला दोन प्रश्न विचारायची सवय असते : हे घडले कसे, आणि याचा आपल्याशी संबंध काय? याच दोन प्रश्नांच्या आधाराने आपण पुढे जाऊ.

पहिले पाऊल

पृथ्वीच्या इतिहासातील फार मोठा काळ जमीन उजाड होती. समुद्रात जीवसृष्टी बहरलेली होती, पण जमिनीवर खडक, वाळू आणि वारा, एवढेच. सूक्ष्म जीवांचे पातळ थर कुठे कुठे असतील. परंतु गवत, झाड, माती यांतले काहीही नव्हते. आज आपण ज्याला माती म्हणतो तीसुद्धा बव्हंशी वनस्पतींचीच निर्मिती आहे. त्यांच्या मुळांनी खडक फोडला आणि त्यांच्याच कुजलेल्या देहांनी तो सुपीक केला.

सुमारे ४७ कोटी वर्षांपूर्वी गोड्या पाण्यातल्या हिरव्या शैवालांच्या एका शाखेने जमिनीवर पाय रोवला. इतक्या जुन्या खडकांत भूमीवरील वनस्पतींची सूक्ष्म बीजुके सापडली आहेत. शाळेत जीवशास्त्राच्या तासाला आपण स्पायरोगायराची आकृती काढली असेल. डबक्यातला तो हिरवा, बुळबुळीत तंतू! अलीकडच्या जनुकीय अभ्यासानुसार भूमीवरच्या सर्व वनस्पतींचे सर्वांत जवळचे नातलग ज्या शैवालगटात आहेत, त्याच गटात हा स्पायरोगायरा मोडतो. वड, आंबा, भात, तुळस या सर्वांची कुळकथा मागे नेत गेलो, तर ती अशा एखाद्या डबक्यापाशी जाऊन पोहोचते.

पाण्यातून बाहेर येणे ही साधी गोष्ट नव्हती. पाण्यात असताना वनस्पतीला अन्नपाणी सर्वांगाने मिळते, शरीर तरंगत राहते, प्रजोत्पादनाच्या पेशी पोहत जातात. जमिनीवर यातली एकही सोय नाही. वर ऊन, भोवती कोरडा वारा आणि खाली मुकी शिळा. देह सुकू नये म्हणून या पहिल्या वनस्पतींनी अंगावर मेणासारखे आवरण धारण केले. आवरण आले तसा श्वासाचा प्रश्न आला; पुढे त्यासाठी उघडझाप करणारी पर्णरंध्रे आली. बीजुके वाऱ्यावर सोडायची तर ती टिकली पाहिजेत, म्हणून त्यांच्याभोवती अत्यंत चिवट कवच आले. आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट ही, की कोवळा गर्भ पाण्यात सोडून न देता मातृवनस्पतीने स्वतःच्या देहात सांभाळला, त्याला पोसले. शास्त्रज्ञ भूमीवरील सर्व वनस्पतींना मिळून जे नाव देतात, त्याचा अर्थच ‘गर्भ धारण करणाऱ्या वनस्पती’ असा आहे.

आणखी एक गोष्ट आपण कार्यकर्त्यांनी विशेष लक्षात घ्यावी अशी आहे. हे पहिले पाऊल वनस्पतींनी एकट्याने टाकलेले दिसत नाही. स्कॉटलंडमध्ये ऱ्हायनी नावाचे एक गाव आहे. तेथील गारगोटीसारख्या खडकात ४० कोटी वर्षांहूनही जुन्या वनस्पती पेशीन् पेशी दिसावी इतक्या स्वच्छ जतन झाल्या आहेत. १९१२ साली हा खडक प्रकाशात आला. त्या वनस्पतींना खरी मुळे नव्हती. मात्र त्यांच्या पेशींत बुरशीचे धागे आढळले. बुरशीने खडकातून क्षार मिळवून द्यायचे आणि वनस्पतीने तिला साखर द्यायची, असा हा व्यवहार. आजही बहुसंख्य वनस्पतींच्या मुळांशी तो अखंड चालू आहे. परक्या, प्रतिकूल भूमीवर पाय रोवायचा तर सहकारी लागतो, हे सत्य इतके जुने आहे.

भिंतीवरचा इतिहास

हा सारा इतिहास पाहायला कोणत्याही संग्रहालयात जायची आवश्यकता नाही. मृगाचे दोन पाऊस पडून गेले की आपल्या सोसायटीच्या कुंपणाची भिंत पाहावी. मळकट सिमेंटवर हिरव्या मखमलीसारखा थर दिसतो. आपण त्याला सरसकट शेवाळ म्हणतो. परंतु जवळून पाहिले तर त्यात इवलीशी पाने असलेली रोपटी दिसतात. या हरिता, म्हणजे मॉस. त्यांना पाणी वर चढवणाऱ्या नळ्या नाहीत, म्हणून त्यांची उंची बोटाच्या पेरापलीकडे सहसा जात नाही. त्यांच्या नरपेशींना आजही पोहत जावे लागते, म्हणून त्यांना पावसाची वाट पाहावी लागते. ऑक्टोबरचे ऊन पडले की त्या करपून काळ्या पडतात, आणि पुढच्या पावसाळ्यात पुन्हा हिरव्या होतात. हरिता आणि त्यांचे निकटचे बांधव मिळून जगात सुमारे वीस हजार जाती आहेत. आपल्या देशात या वनस्पतींच्या अभ्यासाचा पाया लाहोरच्या शिवराम कश्यप यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी घातला.

त्याच भिंतीच्या भेगेत थोडे खाली एखादा नेचा उगवलेला असतो, ज्याला बाजारात ‘फर्न’ म्हणून विकतात. नेच्याच्या पानामागे तपकिरी ठिपके असतात; ती त्याच्या बीजुकांची कोठारे. हरितेजवळ नसलेली एक गोष्ट नेच्याकडे आहे : पाणी वाहून नेणाऱ्या नलिका, आणि त्यांना ताठ ठेवणारे लिग्निन नावाचे कठीण द्रव्य. सुमारे ४३ कोटी वर्षांपूर्वीच्या कुकसोनिया नावाच्या काही सेंटिमीटर उंचीच्या वनस्पतीपासून या वाहिनीयुक्त वनस्पतींचा ज्ञात इतिहास सुरू होतो. एकदा लिग्निन हाती आल्यावर वनस्पती उभी राहिली, उंच झाली, आणि जगात पहिल्यांदा अरण्य निर्माण झाले.

त्या अरण्यांशी आपला संबंध रोजचा आहे. विदर्भात चंद्रपूर, बल्लारपूर, वणी या पट्ट्यातल्या खाणींतून जो दगडी कोळसा निघतो, तो पंचवीस ते तीस कोटी वर्षांपूर्वीच्या दलदलीतील वनांचा आहे. त्या वनांत ग्लॉसोप्टेरिस नावाचे जिभेच्या आकाराच्या पानांचे वृक्ष होते. त्यांचे ठसे विदर्भात मिळतात, तसेच दक्षिण आफ्रिकेत, दक्षिण अमेरिकेत आणि ऑस्ट्रेलियातही मिळतात. दक्षिण ध्रुवावरून परतताना १९१२ साली कॅप्टन स्कॉट आणि त्यांचे सहकारी हिमवादळात मरण पावले. त्यांच्यापाशी सोळा किलोच्या आसपास दगडांचे नमुने सापडले. प्राण कंठाशी आले असतानाही त्यांनी ते टाकले नव्हते. त्या दगडांत ग्लॉसोप्टेरिसच्या पानांचे ठसे होते. अंटार्क्टिका आणि चंद्रपूर एकेकाळी एकाच भूखंडाचे भाग होते, याचा तो पुरावा. त्या प्राचीन महाखंडाला जगभर गोंडवन म्हणतात. आपल्या गोंड बांधवांच्या प्रदेशाचे नाव भूशास्त्राच्या प्रत्येक पाठ्यपुस्तकात आहे, ते असे.

बीज आणि फूल

बीजुकांवर जगणाऱ्या वनस्पतींना पाण्याची ओढ सुटलेली नव्हती. ती सोडवली बीजाने. बी म्हणजे बाळ, शिदोरी आणि चिलखत एकत्र. कोरड्या जमिनीवर बी अनुकूल वेळेची वाट पाहत महिनोन्महिने, काही जातींत वर्षानुवर्षे, पडून राहू शकते. सुमारे ३६ कोटी वर्षांपूर्वीच्या खडकांत बीजे दिसू लागतात. या पहिल्या बीजधारींचे वंशज, म्हणजे फळाविना उघडे बी धारण करणारे वृक्ष, आज जगात हजारभर जातींचे उरले आहेत. देवदार आणि चीड ही हिमालयातली त्यांची उदाहरणे. आपल्या इमारतींच्या प्रवेशद्वारी शोभेसाठी कुंडीत लावलेला सायकस हाही त्याच प्राचीन घराण्यातला. डायनोसॉरच्या काळात त्याच्या नातलगांची जगभर चलती होती. आज तो रखवालदाराच्या खुर्चीशेजारी उभा असतो.

त्यानंतर फुले आली. सुमारे १३ कोटी वर्षांपूर्वीपासून सपुष्प वनस्पतींचे जीवाश्म मिळतात, आणि थोड्याच काळात त्यांनी पृथ्वी व्यापलेली दिसते. ही गती कशी आली हे कोडे खुद्द डार्विनला सुटले नव्हते; १८७९ साली हूकर या वनस्पतिशास्त्रज्ञ मित्राला लिहिलेल्या पत्रात त्याने आपली अस्वस्थता बोलून दाखवली आहे. आज भूमीवरील सुमारे पावणेचार लाख जातींपैकी जवळपास नव्वद टक्के सपुष्प आहेत. कीटक, पक्षी, वटवाघळे यांच्याशी त्यांनी केलेली भागीदारी हे या यशामागचे एक मोठे कारण मानले जाते.

या कथेतील एक महत्त्वाचा पुरावा महाराष्ट्रातच सापडला आहे. चंद्रपूर जिल्ह्यात पिसदुरा नावाचे गाव आहे. तेथे डायनोसॉरची अश्मीभूत विष्ठा मिळते. लखनौच्या बिरबल सहानी संस्थेतील वंदना प्रसाद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती सूक्ष्मदर्शकाखाली तपासली, तेव्हा तीत गवताच्या पेशींतले वाळूसारखे सूक्ष्म कण आढळले. हे संशोधन २००५ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. तोवर गवते डायनोसॉरच्या अस्तानंतर विस्तारली अशी समजूत होती. पिसदुऱ्याने दाखवून दिले की साडेसहा कोटी वर्षांहून आधी, डायनोसॉर हयात असतानाच, या भूमीवर विविध प्रकारची गवते उगवत होती. पुढील अभ्यासात भाताच्या गणातील गवतांच्या खुणाही त्याच काळात मिळाल्या. भात, ज्वारी, बाजरी, ऊस, बांबू ही सर्व गवतेच आहेत. आपल्या ताटातल्या अन्नाचे पूर्वज विदर्भात इतक्या प्राचीन काळी नांदत होते, ही माहिती प्रत्येक मराठी मुलापर्यंत पोहोचली पाहिजे.

पूर्वजांचे निरीक्षण

येथे सहज एक प्रश्न येतो. आपल्या परंपरेने या विविधतेकडे कसे पाहिले? चरकसंहितेच्या सूत्रस्थानात वनस्पतींचे चार वर्ग सांगितले आहेत. ज्यांना फूल न दिसता फळ येते त्या वनस्पती. ज्यांना फूल आणि फळ दोन्ही येतात ते वानस्पत्य. पसरणाऱ्या, वेलीसारख्या त्या वीरुध. आणि फळ पिकले की ज्या संपतात त्या ओषधी. आज आपण ‘वनस्पती’ हा शब्द सरसकट वापरतो; मुळात तो उंबर-वडासारख्या झाडांसाठी होता.

उंबराचे फूल दिसत नाही म्हणून तर क्वचित भेटणाऱ्या माणसाला आपण ‘उंबराचे फूल’ म्हणतो. प्रत्यक्षात ज्याला आपण उंबराचे फळ समजतो त्याच्या पोटात शेकडो बारीक फुले दडलेली असतात आणि चिमुकल्या गांधीलमाश्या आत शिरून त्यांचे परागीभवन करतात. उंबर-वडाच्या कुळातील बहुतेक जातींची माशीही ठरलेली असते. आपल्या पूर्वजांनी फूल दिसत नाही ही वस्तुस्थिती अचूक टिपली आणि तिच्यावर एक वर्ग उभा केला. सूक्ष्मदर्शकाने त्यामागचे कारण दाखवले. परंपरेविषयी आदर असणे म्हणजे सर्वच शोध आधी लागले होते असा दावा करणे नव्हे. उत्क्रांतीचा सिद्धांत चरकांनी सांगितला नाही. सांगितल्याचे आपण म्हणूही नये. त्यांनी डोळे उघडे ठेवून पाहिले. त्यांचा हा वारसा चालवायचा तर आपणही तसेच पाहिले पाहिजे.

असे पाहणारी माणसे आधुनिक काळातही आपल्याकडे झाली. मालवणात १८८४ साली जन्मलेले शंकर पुरुषोत्तम आघारकर कलकत्ता विद्यापीठात वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक होते. निवृत्तीनंतर आराम करण्याऐवजी त्यांनी १९४६ साली पुण्यात महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी संस्थेचे काम हाती घेतले. आज त्या संस्थेच्या संशोधन केंद्राला त्यांचेच नाव आहे. याच आघारकर संस्थेतील एका शोधाकडे आता वळू, कारण तो आपल्याला थेट भाईंदरच्या खाडीत आणून सोडतो.

परत पाण्याकडे

नागपूरच्या उत्तरेस, छिंदवाडा जिल्ह्यात मोहगाव कलान नावाचे गाव आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्हाचे लोट वाहत होते. दोन लोटांच्या मध्ये जो निवांत काळ जाई, त्यात तळी साचत, झाडे वाढत. मग पुढचा लोट येऊन सारे झाकून टाकी. मोहगावच्या अशा थरांत वनस्पती दगड होऊन राहिल्या आहेत. तेथे निपा या खाजणातल्या ताडाची फळे फार पूर्वीच मिळाली होती. आज हा ताड आपल्या देशात सुंदरबन आणि अंदमानकडे आढळतो. २००२ साली आघारकर संस्थेतील बोंडे आणि कुमारन यांनी त्याच ठिकाणच्या ॲक्रोस्टिकम या नेच्याचे जीवाश्म प्रसिद्ध केले. हा नेचा खारफुटीच्या चिखलात वाढतो. कोकणच्या खाड्यांत तो आजही आहे. जेथून आज समुद्र शेकडो किलोमीटर दूर आहे, तेथे एकेकाळी खाऱ्या पाण्याचा फाटा शिरला असावा, या अनुमानाला अशा जीवाश्मांचा आधार आहे.

म्हणजे पाहा, कोट्यवधी वर्षे खपून ज्या वनस्पतींनी पाण्यापासून मुक्ती मिळवली, त्यांच्यातल्याच काही पुन्हा पाण्याकडे वळल्या, आणि तेही खाऱ्या पाण्याकडे! मीठ बहुतेक झाडांना मारते. भरती-ओहोटीचा चिखल श्वास कोंडतो. तरीही वेगवेगळ्या कुळांतल्या वनस्पतींनी स्वतंत्रपणे या संकटावर उत्तरे शोधली.

तिवर घ्या. त्याच्या पानाला जीभ लावली तर खारट लागते, कारण शिरलेले मीठ ते पानावाटे बाहेर टाकते. त्याची श्वसनमुळे पेन्सिली रोवल्यासारखी चिखलातून वर आलेली असतात. कांदळ पाहा. ते आधारमुळांच्या तिकाटण्यांवर उभे असते आणि बरेचसे मीठ मुळाशीच अडवते. त्याचे बी झाडावर असतानाच रुजते. शेंगेसारखा लांब कोंब तयार झाला की मगच ते आईला सोडते. गर्भ सांभाळण्याचा जो धडा पहिल्या वनस्पतींनी गिरवला होता, त्याची ही पराकाष्ठा. चिपी पाहा. तिची पांढरी फुले रात्री उमलतात. २०२० साली महाराष्ट्र शासनाने तिला राज्य कांदळवृक्षाचा मान दिला. आपले राज्यपुष्प तामण आणि ही चिपी एकाच कुळातील आहेत, आणि डाळिंब व मेंदीही त्यांचीच भावंडे.

याहून नवलाची गोष्ट आपल्या शहराच्या हद्दीत दिसते. घोडबंदरच्या बाजूला राष्ट्रीय उद्यानाच्या डोंगरावर कारवी आहे. ती आठ वर्षांनी एकदा सामुदायिक फुलते. २००८, २०१६ आणि २०२४ साली येथील डोंगर तिने जांभळे केले होते. फुलून झाली की ती मरते. तिच्या काठ्यांच्या कुडावर आदिवासींच्या कित्येक पिढ्यांनी घरे उभारली. ही डोंगरावरची कारवी, परसातला अडुळसा, खाजणातली काटेरी मारांडी आणि खाडीतले तिवर, ही चारही एकाच कुळातली आहेत. एक भावंड डोंगरावर गेले, एक औषध म्हणून अंगणात आले, दोन समुद्राच्या सीमेवर पहारा देत राहिली. उत्क्रांती आणि विविधता हे जड शब्द समजून घ्यायला मीरा-भाईंदरएवढा लहानसा टापूही पुरेसा आहे तो असा.

आपल्यापुढचा प्रश्न

आता पत्रकाराचा दुसरा प्रश्न. याचा आपल्याशी संबंध काय?

साष्टी बेटाच्या या उत्तर टोकाला एका बाजूला समुद्र, एका बाजूला खाडी, एका बाजूला डोंगर. मध्ये थोडी भूमी. येथील आगरी आणि कोळी बांधवांना पाण्याशी कसे वागायचे ते ठाऊक होते. खाजणाला बांध घालून त्यांनी भात पिकवला, मिठागरे केली, आणि बांधाबाहेरची तिवरे बांधाच्या रक्षणासाठी राखली. बी. एस. नवलकर यांनी १९५१ साली मुंबई आणि साष्टीच्या खारफुटीत कोणत्या वनस्पतीमागून कोणती येते, याचा अभ्यास प्रसिद्ध केला, तेव्हा हा परिसर गावांचा आणि मिठागरांचा होता. त्यानंतर चित्र पालटले. १९८५ साली नगरपरिषद झाली, २००२ साली महापालिका. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या आठ लाख नऊ हजारांवर गेली होती. हे आठ लाख कोण? आपणच. मुंबईत घर परवडेना म्हणून आपण येथे आलो. आपल्यापैकी अनेकांच्या इमारतींखाली एकेकाळी खाजण होते. म्हणून बोट दाखवण्यापूर्वी आपण आपल्या पायाखाली पाहावे.

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. त्या दिवशी काय झाले ते आपल्याला सांगायला नको. पाणी ओसरायला जागा लागते, आणि ती जागा आपण भरावाने बुजवत आलो, हे त्या दिवशी उघड झाले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने राज्यातील खारफुटीची तोड थांबवली आणि तिच्या सभोवती पन्नास मीटर पट्ट्यात बांधकामास मनाई केली. २०१२ साली शासनाने वनखात्यात स्वतंत्र कांदळवन कक्ष स्थापन केला. २०१८ सालच्या अंतिम निकालात न्यायालयाने खारफुटीचा नाश हा नागरिकांच्या जगण्याच्या मूलभूत हक्काचा भंग असल्याचे सांगितले. कायदा नाही असे म्हणायला आता जागा नाही.

तरीही प्रश्न संपत नाही. तो अधिक अवघड होतो. वर्सोवा ते भाईंदर किनारी रस्त्याच्या कामात पंचेचाळीस हजारांहून अधिक खारफुटीची झाडे बाधित होणार आहेत. मुंबई उच्च न्यायालयाने २०२५ च्या डिसेंबरमध्ये या कामाला अटींसह परवानगी दिली. मेट्रोच्या नवव्या मार्गिकेच्या कारशेडसाठी डोंगरी येथील हजारो झाडे तोडण्याच्या प्रस्तावावर त्याच वर्षी स्थानिक नागरिकांनी हरकती घेतल्या. येथे मी कोणाला खलनायक ठरवणार नाही. सकाळी गर्दीच्या लोकलच्या दाराशी लोंबकळणाऱ्या तरुणाच्या आईला रस्ता आणि मेट्रो हवीच आहे. तिची अपेक्षा चुकीची नाही. प्रश्न आहे तो हिशेबाचा.

एका झाडाच्या बदल्यात पाच झाडे लावू, असे आश्वासन नेहमी दिले जाते. आकड्यांत ते भरपाईसारखे दिसते. परंतु आतापर्यंतची सारी कथा ऐकल्यावर आपण विचाराल : कोणते झाड, कोठे? तिवराच्या जागी रस्त्याकडेला गुलमोहर लावला, तर तो पानावाटे मीठ टाकणार नाही, चिखल धरून ठेवणार नाही, कोळंबी आणि खेकड्यांच्या पिलांना आसरा देणार नाही. उत्तनच्या कोळ्याच्या जाळ्यात येणाऱ्या मासळीचे बालपण खाडीच्या मुळांत जाते, रस्त्याच्या दुभाजकावर नव्हे. खारफुटी पुन्हा लावता येते. पण भरतीचे पाणी योग्य उंचीवर आणि योग्य वेळ येत असेल तेथेच. बांध किंवा भराव घालून पाण्याची वाट तोडली, तर हजारो रोपे लावूनही ती उभ्या-उभ्या वाळतात. ज्या जागी ती आपोआप उगवली, ती जागाच तिची खरी संपत्ती आहे.

विविधता म्हणजे जातींची लांबलचक यादी नव्हे. वेगवेगळ्या संकटांवर वनस्पतींना सापडलेल्या उत्तरांचा तो साठा आहे. कोरड्या खडकावर काय करावे याचे उत्तर हरितेपाशी आहे, खाऱ्या चिखलात कसे जगावे याचे तिवरापाशी. समुद्राची पातळी वाढण्याच्या या काळात किनाऱ्यावरच्या शहराला नेमके कोणते उत्तर लागेल, हे वेगळे सांगायला हवे काय?

आपण काय करावे

सभा संपली की टाळ्या वाजवून घरी जाण्याची आपली पद्धत नाही, म्हणून तीन साध्या गोष्टी सांगतो.

पहिली, ओळख. या पावसाळ्यात प्रत्येक कुटुंबाने मुलांसह आपल्या परिसरातील वीस वनस्पती नावानिशी ओळखाव्यात. त्यात भिंतीवरची हरिता असावी, एक नेचा असावा आणि किमान तीन झाडे खाडीतली असावीत. नावे उत्तन, राई, मुर्धा, मोरवा येथील वडीलधाऱ्या माणसांना विचारावीत. ती त्यांच्याबरोबर जाण्याआधी वहीत उतरवून घ्यावीत.

दुसरी, पहारा. खारफुटीत राडारोडा टाकणारा डंपर बहुधा रात्री येतो. ठिकाण, वेळ आणि छायाचित्र यांसह लेखी तक्रार महसूल खाते आणि कांदळवन कक्ष यांच्याकडे करावी. एकट्याने नव्हे, दहा जणांच्या सहीने. आपल्या घराचे नूतनीकरण होते तेव्हा निघणारा राडारोडा नक्की कोठे जातो, हे कंत्राटदाराला आपण स्वतः विचारावे.

तिसरी, हिशेब. ज्या प्रकल्पाला परवानगी मिळाली, त्याच्या अटी सार्वजनिक असतात. त्या मिळवाव्यात, वाचाव्यात, आणि दर वर्षी विचारावे : किती झाडे गेली, किती लावली, कोणती, कोठे, आणि त्यातली जगली किती? विरोधासाठी विरोध नको आणि विकासाच्या नावाने डोळेझाकही नको. हिशेब मागणे हे नागरिकाचे कर्तव्य आहे आणि ते सौम्य शब्दांतही बजावता येते.

मित्रहो, मातृभूमीला वंदन करताना तिची मूर्ती डोळ्यांसमोर आणायची, तर ती केवळ नकाशावरच्या रेषांची असू शकत नाही. ‘भूमी’ या शब्दातली माती वनस्पतींनी घडवली आहे, आणि या शहरात त्या मातीची समुद्राकडची कड आजही त्याच धरून आहेत. उद्या सकाळी गाडी भाईंदर-नायगावच्या पुलावरून जाईल तेव्हा भ्रमणध्वनीवरची नजर क्षणभर काढून खाली खाडीकडे टाका. ओहोटी असेल तर चिखलातून वर आलेली ती श्वसनमुळे दिसतील. त्यांना नावाने ओळखा. पुढचे काम तेथून सुरू होईल.